नोंद दुरुस्त करा म्हणणारा माणूस : शिवराम जानबा कांबळे



स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावं असं विहार समितीच्या लोकांनी सांगितलं. मी सूतगिरणीत पाळीवर काम करणारा माणूस. शाळा अर्धवट सुटली. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि चळवळीत शिकलो. त्यामुळं भाषेत काही चूकभूल झाली तर पोटात घाला. पण एका माणसाचं चरित्र आपल्या पोराबाळांना सांगावं असं फार दिवस मनात होतं. तो माणूस म्हणजे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. बाबासाहेबांच्या आधी ज्यांनी वाट पाडली त्यातले हे एक मोठे नाव. आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो असतो, जोतिबांचा असतो, शाहू महाराजांचा असतो. शिवराम जानबांचा फोटो मात्र क्वचितच दिसतो.

त्यांची आठवण मला का झाली ते आधी सांगतो.

आपल्या वस्तीत एक रिटायर्ड जवान आहेत. नाव लिहीत नाही, सगळे त्यांना आबा म्हणतात. १९७१ च्या लढाईच्या वेळी ते सैन्यात होते. त्या लढाईच्या वेळी सेवेत असलेल्या जवानांना संग्राम मेडल मिळालं, तसं त्यांनाही मिळालं. ऑगस्ट २०१९ ला कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. आपली वाडी, कुरुंदवाड, सगळा शिरोळ तालुका पाण्यात गेला, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आबांच्या घरात पाणी आठवडाभर होतं. पाणी ओसरल्यावर पत्र्याच्या पेटीतनं चिखल निघाला. डिस्चार्ज बुकाचा लगदा झालेला. मेडल गेलं ते गेलंच.

मग दुय्यम प्रत मागवली. प्रत आली, पण मेडलांच्या रकान्यात संग्राम मेडलाची नोंदच नाही. आबा ते बुक घेऊन माझ्याकडं आले. मी चार अर्ज लिहायला मदत करतो हे वस्तीत माहीत आहे. एवढ्याशा गोष्टीनं काय बिघडतंय, पेन्शन तर चालू आहे, असं एक-दोघांनी त्यांना सांगून पाहिलं. पण आबांचं म्हणणं पैशाचं नव्हतं. आपण त्या वेळी तिथं होतो, हे कागदावर असलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. उद्या नातवानं बुक उघडलं तर आजा त्या वेळी घरी बसला होता असं त्याला वाटायला नको.

मी अर्ज लिहायला बसलो आणि मला शिवराम जानबा आठवले. आबांची एका माणसाची नोंद राहिली होती. शिवराम जानबांच्या काळात सबंध समाजाचीच नोंद खोडली गेली होती. आणि तो माणूस पुण्यात बसून आयुष्यभर अर्जावर अर्ज लिहीत राहिला.

आता मूळ गोष्टीकडं वळू.

शिवराम जानबा कांबळे यांचा जन्म १८७५ सालचा. वाढले पुण्यात. घरची परिस्थिती बेताचीच. शाळेचं शिक्षण फारसं नाही. लहानपणीच साहेब लोकांच्या घरी नोकरीला लागले. त्या काळी पुण्याच्या कॅम्पात आपल्या लोकांना गोऱ्या साहेबांकडं घरकामाची नोकरी मिळायची. गावात पाण्याला शिवू देत नसत, आणि साहेबाच्या मुदपाकखान्यात मात्र आपल्या हातचं चालायचं. हा फरक त्यांनी पोरवयात पाहिला. पुढं ते पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर म्हणून काम करू लागले. पोटाचा धंदा शेवटपर्यंत तोच. पुढारी म्हटला की वकील, डॉक्टर, जमीनदार असं आपल्याला वाटतं. हा पुढारी ताट वाढायचा, ताट उचलायचा आणि रात्री दिव्याखाली बसून वाचायचा.

काय वाचायचा? जोतिबा फुल्यांची पुस्तकं, लोकहितवादींचं लिखाण, दीनबंधू आणि सुधारक ही पत्रं. नोकरीच्या निमित्तानं इंग्रजी कानावर पडायचं, ते त्यांनी धरून ठेवलं. मी स्वतः वाचनालयात बसून शिकलेला माणूस असल्यामुळं या गोष्टीचं मोल मला जास्त वाटतं. दिवसभर उभं राहून काम केल्यावर डोळ्यांवर पेंग येते. त्या पेंगेशी झगडून जो वाचतो त्यालाच कळतं ते काय असतं.

आता त्या वेळी समाजाची हालत काय होती ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर त्यांच्या अर्जांचा अर्थ लागणार नाही.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आपल्या जातीचे लोक मोठ्या संख्येनं होते. त्या फौजेत पलटणीची शाळा असायची. शिपाई तर शिपाई, त्याची बायकापोरंही अक्षर शिकायची. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच फौजेतले आणि त्यांनी पलटणीच्या शाळेत मास्तरकी केली. त्यांचे वडील मालोजी, तेही फौजेतच होते. म्हणजे गावात ज्याला वेशीबाहेर ठेवलं, त्याला फौजेत पगार, पेन्शन, शिक्षण आणि मान मिळत होता. हुद्दा सुभेदार मेजरपर्यंत जात होता.

आणि १८९२ च्या सुमारास हे दार बंद झालं. इंग्रज सेनापतींच्या डोक्यात लढवय्या जातींचं खूळ शिरलं. अमुक जात लढणारी, तमुक जात लढणारी नव्हे, अशी त्यांनी वाटणी केली. एकेका जातीच्या वेगळ्या पलटणी करायच्या ठरल्या आणि वरच्या जातीचे शिपाई अस्पृश्य अधिकाऱ्याचा हुकूम मानणार नाहीत हेही कारण पुढं आलं. झालं. महारांची भरती बंद. बाप सुभेदार, आजा हवालदार, आणि पोराला मात्र तू लढवय्या जातीचा नाहीस म्हणून माघारी पाठवायचं. शंभर वर्षांची चाकरी एका फटक्यात नसल्यासारखी झाली.

यावर पहिले बोलले ते फौजेतनं रिटायर झालेले लोकच. कोकणातले गोपाळबाबा वलंगकर १८८६ ला पेन्शनीत आले आणि दापोलीला राहिले. १८८८ ला त्यांनी विटाळ विध्वंसन लिहिलं. अनार्य दोष परिहारक मंडळी काढली. भरती बंदीविरुद्ध १८९४ ला विनंतीपत्र तयार केलं. सुभेदार रामजींनीही या बंदीविरुद्ध अर्ज करण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली. पण सरकार हललं नाही. गोपाळबाबा १९०० साली वारले.

हे पेन्शनर लोक एकेक करून जात होते. फौजेत भरतीच नाही म्हटल्यावर नवे सुभेदार कुठनं येणार? अशा वेळी फौजेत कधीच नसलेला एक बटलर पुढं आला आणि त्यानं हा धागा हातात घेतला. यातच शिवराम जानबांचं मोठेपण आहे असं मला वाटतं. स्वतःच्या पेन्शनीसाठी किंवा स्वतःच्या मेडलासाठी ते लढले नाहीत. त्यांना मिळायचं काहीच नव्हतं.

पुण्याजवळच्या सासवडला त्यांनी ५१ गावच्या महारांची सभा भरवली. आता विचार करा, त्या काळी ना एस.टी., ना फोन. ५१ गावांना निरोप पोचवायचा म्हणजे पायी जायचं. गावकीची कामं सोडून लोकांनी यायचं म्हणजे पाटील-कुलकर्ण्याचा रोष घ्यायचा. तरी लोक आले. सभेतनं अर्ज तयार झाला. त्यावर दीड हजारावर लोकांच्या सह्या झाल्या. १९०३ साली तो मुंबई सरकारकडं गेला. मागणं काय होतं? आमच्या मुलांना शाळेत घ्या, पोलिसात घ्या, सरकारी नोकरीत घ्या, फौजेत घ्या. यात जास्तीचं काय होतं? पण सरकारनं दाद दिली नाही.

एक अर्ज फेटाळला म्हणून हा माणूस घरी बसला नाही. १९०४ ला त्यांनी पुण्यात श्री शंकर प्रसादिक सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज नावाची संस्था काढली. सोमवंशीय म्हणजे आपलाच समाज. त्या काळी लोक स्वतःला असं म्हणवून घेत. नावात शंकराचा प्रसाद आहे, हे वाचून आजच्या पोरांना नवल वाटेल. पण तो काळ वेगळा होता. धम्माची वाट बाबासाहेबांनी १९५६ ला दाखवली, त्याच्या ५० वर्षं आधीची ही गोष्ट आहे. माणसाला त्याच्या काळात ठेवून बघावं लागतं. संस्थेच्या नावापेक्षा तिनं काय केलं ते बघा. तिनं लोकांना वाचायला जागा दिली, एकत्र बसायला जागा दिली.

१ जुलै १९०८ ला शिवराम जानबांनी सोमवंशीय मित्र हे मासिक सुरू केलं. अस्पृश्य समाजातल्या माणसानं स्वतः संपादक होऊन चालवलेल्या सुरुवातीच्या मासिकांमधलं हे एक. छपाईचा खर्च, टपालाचा खर्च, आणि वर्गणीदार म्हणजे ज्यांना स्वतःचीच खायची भ्रांत. तरी मासिक निघालं. स्वतःच्या समाजातल्या वाईट चालींवर त्यात कोरडे ओढलेले असत. मुरळी सोडायची चाल बंद करा, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला, हे त्यातलं मुख्य सांगणं.

मुरळीचा विषय आपल्या भागाला नवा नाही. जेजुरीच्या खंडोबाला मुरळी सोडत, तशी आपल्याकडं यल्लम्माला पोर सोडायची चाल होती. किती घरांच्या लेकी त्यात गेल्या हे जुन्या बायांना विचारा. शिवराम जानबांनी यावर नुसते लेख लिहिले नाहीत. एका मुरळीनं मासिकाला पत्र लिहून आपली कहाणी मांडली, ती त्यांनी छापली. समाजातल्याच एका कार्यकर्त्यानं तिच्याशी लग्न करायची तयारी दाखवली आणि १९०९ ला ते लग्न लावून दिलं. लोकांची तोंडं बंद करायची ही रीत. नुसतं बोलायचं नाही, करून दाखवायचं.

आता त्यांच्या आयुष्यातला मुख्य अर्ज.

एप्रिल १९१० मध्ये जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद भरली. या परिषदेतनं जो अर्ज निघाला तो मुंबई सरकारपुरता नव्हता. तो थेट विलायतेला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडं होता. अर्जातलं मागणं तसं साधंच. मोठमोठे राजकीय हक्क त्यात मागितलेले नव्हते. पोलिसात आणि फौजेत घ्या, सरकारी खात्यात खालच्या जागा तरी आम्हाला खुल्या करा, एवढंच. पण मागण्याची रीत बघा. दया करा असं नव्हतं. आमच्या बापजाद्यांनी तुमच्या फौजेत रजपूत, मुसलमान, शीख यांच्या खांद्याला खांदा लावून चाकरी केली, ती तुमच्याच दप्तरात आहे, ती उघडून बघा आणि मग आम्ही लढवय्ये नाही असं म्हणा. आणखी एक मुद्दा होता. आमच्यातला माणूस ख्रिस्ती झाला की लगेच त्याला माणूस म्हणून वागवता, मग तोच माणूस आपल्या घरात राहिला तर कमी कसा ठरतो? या प्रश्नाला उत्तर देणं अवघड होतं.

आणि पुरावा म्हणून त्यांच्याकडं कोरेगाव होतं.

कोरेगाव भीमाची लढाई १ जानेवारी १८१८ ची. कंपनीच्या बाजूला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे ८०० माणसं. त्यात पायदळाची पलटण, थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा. समोर पेशव्यांची काही पटींनी मोठी फौज. दिवसभर गल्लीबोळातनं लढाई झाली. पाण्यावाचून माणसं तळमळली. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. त्या ठिकाणी कंपनीनं स्तंभ उभा केला. २६ मार्च १८२१ ला त्याचा पाया घातला. पायदळाच्या ज्या ४९ मृतांची नावं त्यावर आहेत, त्यात २२ नावं नाक या शेवटाची आहेत. नाक हा शेवट महारांच्या नावाचा. बाकीची नावं दुसऱ्या जातीधर्माच्या शिपायांची आहेत, हेही खरं आणि ते आपण विसरता कामा नये. तिथं सगळे एका रांगेत कोरलेले आहेत. गावात जे कधी एका पंगतीला बसले नाहीत ते दगडावर एका पंक्तीत आहेत.

इथं मेडलाची एक गोष्ट सांगतो. या लढाईबद्दल शिपायांना मेडल मिळालं कधी? १८५१ ला! म्हणजे ३३ वर्षांनी. आर्मी ऑफ इंडिया मेडल असं त्याचं नाव. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाची पट्टी लावत, त्यात कोरेगावची पट्टी होती. मेडलाच्या कडेवर शिपायाचं नाव कोरत. पण अट काय, तर शिपाई त्या दिवशी जिवंत पाहिजे आणि त्यानं स्वतः अर्ज केला पाहिजे. लढाईत पडला त्याला नाही. मधल्या ३३ वर्षांत म्हातारा होऊन मेला त्याला नाही. जिवंत आहे पण खेड्यात राहतो, वाचता येत नाही, कुणी सांगितलंच नाही, त्यालाही नाही. किती जणांचं मेडल असं राहून गेलं असेल! त्या म्हाताऱ्यांना अर्ज लिहून देणारा कुणी नव्हता.

म्हणून मी म्हणतो, अर्ज लिहून देणारा माणूस समाजात लागतो. शिवराम जानबा तसे होते. कागदातनं नावं गेली तरी दगडावरची नावं जात नाहीत हे त्यांनी ओळखलं. सरकारनं स्वतःच्या विजयासाठी उभा केलेला खांब होता तो. आपल्या लोकांचं कौतुक करायला काही त्यानं तो बांधला नव्हता. पण त्याच खांबाकडं बोट दाखवून शिवराम जानबांनी त्याच सरकारला विचारलं, ही नावं कुणाची?

अर्जाचा परिणाम लगेच झाला का? नाही. सात वर्षं काही झालं नाही. मग पहिलं महायुद्ध लागलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १९१७ ला भरती उघडली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. काल लढवय्ये नव्हते ते आज लढवय्ये झाले! आणि युद्ध संपल्यावर काय? १९२१ ला पलटण मोडून टाकली. गरज सरो वैद्य मरो. आमच्या गिरणीत हंगामाला बदली कामगार घेतात आणि हंगाम सरला की घरी पाठवतात, तशातला हा प्रकार.

याच काळात आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ ला महार वतन मोडून वेठीतनं माणसं सोडवली. मार्च १९२० ला माणगावला परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते, महाराज स्वतः आले होते. माणगाव आपल्या वाडीपासून काही लांब नाही. पुण्यात अर्ज, कोल्हापुरात हुकूम, माणगावात परिषद, असं एकेक पाऊल पडत होतं.

शिवराम जानबांच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चळवळ मी सुरू केली, हा कालचा बॅरिस्टर कोण? असं म्हणणारे आपण आजही बघतो. वस्तीतल्या मंडळाचा अध्यक्ष बदलायचा म्हटला तरी दोन गट पडतात. शिवराम जानबा तसे वागले नाहीत. १ जानेवारी १९२७ ला त्यांच्या पुढाकारानं कोरेगावच्या स्तंभापाशी सभा झाली आणि तिथं बाबासाहेबांना त्यांनी आणलं. बाबासाहेब तेव्हा ३५ वर्षांचे, शिवराम जानबा पन्नाशी ओलांडलेले. वीस-पंचवीस वर्षं जो पुरावा एकट्यानं सांभाळला तो त्यांनी तरुण पुढाऱ्याच्या हाती दिला. आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आज १ जानेवारीला लाखो लोक तिथं जातात, त्याची सुरुवात या सभेत आहे.

त्यानंतरही ते थांबले नाहीत. १३ ऑक्टोबर १९२९ ला पुण्याच्या पर्वतीवर मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा त्याच्या पुढाऱ्यांत होते. पां. ना. राजभोज होते, काकासाहेब गाडगीळ होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. मंदिर काही उघडलं नाही. पन्नाशीच्या पुढचा माणूस पर्वतीच्या पायथ्याशी पोरांबरोबर उभा राहिला, हे मात्र लिहून ठेवण्यासारखं आहे.

आणि ते लिहून ठेवलं गेलं. १९३० साली नवलकर नावाच्या लेखकानं त्यांचं चरित्र इंग्रजीत छापलं. त्यात त्यांचे अर्जही आहेत. ते पुस्तक निघालं नसतं तर १९०३ चा अर्ज, १९१० चा अर्ज आज आपल्याला वाचायला मिळाला असता की नाही, शंकाच आहे.

फौजेच्या गोष्टीचा शेवटही सांगतो. दुसरं महायुद्ध लागलं. जुलै १९४१ ला बाबासाहेबांना व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर घेतलं. महारांची पलटण उभी करा हा आग्रह त्यांनी धरला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. बेळगाव म्हणजे आपल्या शेजारीच. आपल्या भागातली किती माणसं तिथं भरती झाली ते घराघरातल्या जुन्या फोटोंवरनं कळतं. रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर सुरुवातीला काय होतं माहीत आहे? कोरेगावचा स्तंभ! स्वातंत्र्यानंतर तो काढून तिथं खंजीर आला. आज ही रेजिमेंट एका जातीची राहिलेली नाही, देशातल्या सगळ्या भागातले जवान तिच्यात आहेत, आणि ते चांगलंच झालं. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतल्या लढाईत वीरमरण आलं, त्यांना परमवीरचक्र मिळालं, तेही महार रेजिमेंटचेच. ज्यांना लढवय्ये नाही म्हणून घरी पाठवलं होतं, त्यांच्या नावाच्या रेजिमेंटचा हा इतिहास.

आता आबांचं काय झालं ते सांगून संपवतो.

पहिला अर्ज परत आला. कुठनं आला ते सांगत बसत नाही. पुरावा जोडा असा शेरा होता. पुरावा तर पुरात गेलेला. दुसरा अर्ज केला, त्याला उत्तरच नाही. आबा म्हणायला लागले की राहू दे आता. मी त्यांना शिवराम जानबांची गोष्ट सांगितली. १९०३ चा अर्ज फेटाळला, १९१० ला परत केला, भरती १९१७ ला उघडली, १९२१ ला परत बंद झाली, आणि रेजिमेंट १९४१ ला आली. अर्जाला उत्तर यायला कधीकधी एक पिढी जाते. आपल्याला तर दीडच वर्ष झालंय.

आणि पुरावा घरातच निघाला. आबांच्या मंडळींनी लग्नानंतर आलेली पत्रं माहेरी भावाकडं ठेवली होती. ते गाव पुराच्या बाहेर. त्यात डिसेंबर १९७१ मधलं एक आंतरदेशीय पत्र होतं. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा आर्मी नंबर, हुद्दा, पलटण आणि ५६ एपीओ, सगळं आबांच्या अक्षरात. आतला मजकूर मी वाचला नाही, तो त्या दोघांचा. पाकिटाच्या त्या बाजूची झेरॉक्स काढली, मूळ शीट रोल तपासावा अशी विनंती लिहिली, आणि तिसरा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर टपालानं धाडला. काही महिन्यांनी उत्तर आलं. नोंद सापडली होती. दुय्यम प्रत करताना ती राहून गेली होती. डिस्चार्ज बुकात एक ओळ वाढली, खाली सही-शिक्का.

एकच ओळ. त्या ओळीनं आबांच्या पेन्शनीत एक रुपयाही वाढला नाही. पण त्या दिवशी आबांनी धुतलेला सदरा घातला, बुक घेऊन विहारात आले, बुद्धमूर्तीपुढं ते ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिले. मंडळी शेजारी बसल्या होत्या. पत्रं त्यांनी जपली म्हणून ती ओळ आली, हे आबांनी सगळ्यांना सांगितलं.

बंधू-भगिनींनो, विहारात आपण वंदनेला येतो, परित्राण पाठाला येतो. त्याबरोबर एक काम करा. आपापल्या घरात जे कागद आहेत ते बघा. आज्याचं डिस्चार्ज बुक असेल, शाळेचा दाखला असेल, जुनी पत्रं, जुने फोटो असतील. पूर परत येणार आहे, कृष्णामाई काही सांगून येत नाही. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा. प्रती काढून एक संच विहाराच्या कपाटात ठेवू, तशी व्यवस्था समितीनं करावी ही माझी सूचना आहे. ज्या पोरांना लिहिता येतं त्यांनी रविवारी एक तास विहारात बसावं आणि ज्यांना अर्ज लिहून हवा त्यांना लिहून द्यावा. पैसे घेऊ नयेत.

शिवराम जानबा दिवसा ताटं उचलायचे आणि रात्री अर्ज लिहायचे. आपल्याला दिवसाची पाळी असो की रात्रीची, तेवढं तर जमेल.

जयभीम! नमो बुद्धाय!